परक्यांच्या तिथ्या

“आज संध्याकाळी आमच्याकडे तिथी आहे. जेवायला या. लेकीलाही आणा.”

सौदीतल्या खफजीला येऊन आम्हाला जेमतेम महिना झाला होता, तेव्हा हा फोन आला. फोन करणारे आमच्या ऑफिसातले सर्वांत जुने मराठी इंजिनियर. त्यांना सगळे नुसतं ‘सर’ म्हणायचे. मीही तेच म्हणायला लागलो होतो.

मेधा, माझी बायको, विचारात पडली. तिथीच्या जेवणाला जाताना हातात काही न्यायचं असतं की नसतं? आमच्या दोघांच्याही घरी हे सगळं आईवडिलांनी केलेलं, आम्ही फक्त वडे खाल्लेले. शेवटी रिकाम्या हातांनीच गेलो. मी पांढरा शर्ट घातला. गाडीत लेकीने विचारलं, “व्हॉट इज तिथी?”

“कोणीतरी वारलेलं असतं. त्यांच्या आठवणीचं जेवण.”

“हू डाइड?”

ते आम्हालाही माहीत नव्हतं. सरांचे वडील असावेत, असं आम्ही धरून चाललो होतो.

दार सरांनीच उघडलं. उंच, खांद्यात वाकलेले, केस पांढरेशुभ्र पण भुवया काळ्या. आत या म्हणायच्या आधी ते म्हणाले, “पहिल्यांदा हात धुवायचे. नीट. नखांपर्यंत.” आणि आम्ही तिघं एकेक करून बेसिनपाशी हात धूत असताना ते टॉवेल घेऊन शेजारी उभे राहिले. लेकीचे हात त्यांनी परत धुवायला लावले.

टेबलावर बटाट्याचं पांचट सूप, जाड पाव आणि उकडलेली कोबी. वडे नाहीत, खीर नाही, कुठे फोटो नाही, हार नाही. मेधाने हळूच विचारलं, “सर, तिथी कोणाची?”

“एका डॉक्टरांची.”

“तुमचे कोण?”

“कोणी नाही. तिकडे हंगेरीकडचे होते.”

मग सूप वाढता वाढता त्यांनी सांगितलं. इस्पितळात बाळंत झालेल्या बायका तापाने मरायच्या. या डॉक्टरच्या लक्षात आलं, की प्रेतं फाडून आलेले डॉक्टर तसेच बायका तपासायला जातात. तो म्हणाला, हात धुवा. एवढंच. मोठमोठ्या डॉक्टरांना राग आला. आमचे हात घाण? त्याची चेष्टा झाली, नोकरी गेली, शेवटी वेड्यांच्या इस्पितळात मेला.

“ते काय खायचे मला माहीत नाही,” सर म्हणाले. “शेवटच्या दिवसांत तिथे काय मिळालं असेल, त्या अंदाजाने केलंय. आवडलं नाही तरी संपवा.”

लेकीने संपवलं. घरी येऊन तिने न सांगता हात धुतले, हे मेधाला फार आवडलं. मला एवढंच कळलं, की आपण एका विलक्षण माणसाच्या गावात राहायला आलो आहोत.

पुढे कळलं, की सरांच्या घरी अशा तिथ्या वर्षभर चालतात. सगळ्या युरोपातल्या माणसांच्या. कोणी विचार करणारा, कोणी तुरुंग सुधारणारी, कोणी मुलींच्या शिक्षणासाठी भांडलेली. गेलेल्या माणसाचं नाव मात्र जेवण होईपर्यंत सांगायचं नाही, हा त्यांचा नियम. मी एकदा कारण विचारलं.

“नाव सांगितलं की तुम्ही मोबाईल काढता,” ते म्हणाले. “मग देश बघता, धर्म बघता, बायको होती का ते बघता. काम राहून जातं. आधी काम ऐका, नाव हात धुताना.”

मीही इथे त्यांचा नियम पाळतो. नावं ज्याने त्याने शोधावीत.

तुरुंगातल्या बायकांना शिवणकाम शिकवणाऱ्या एका बाईची तिथी ऑक्टोबरात यायची. त्या दिवशी पाहुण्यांनी येताना बटण तुटलेला शर्ट आणायचा आणि स्वतः बटण लावायचं. लावल्याशिवाय पान मांडलं जायचं नाही. कंपनीच्या कॅम्पात राहणारे वेल्डर आणि फिटर खुशीत सुई ओवायचे, कारण त्यांना सवय असायची. आम्हा इंजिनियरांची बोटं रक्ताळायची. एका तत्त्ववेत्त्याला मोहरी आवडायची, म्हणून त्याच्या तिथीला वरणापासून काकडीपर्यंत सगळ्यात मोहरी. दुसऱ्या दिवशी ऑफिसात आम्ही कोण कोण जेवायला गेलो होतो ते चेहऱ्यावरून ओळखू यायचं.

माणूस एरवी साधा. शर्टाच्या खिशात कायम बुरैदा गावचे दोन खजूर. समोरचा चिडला की त्याच्या हातावर एक ठेवायचे. तोंडात खजूर असताना माणसाला ओरडता येत नाही, हा त्यांचा अनुभव. आमचा सौदी मॅनेजरही त्यातून सुटला नव्हता. ऑफिसात चहा देणाऱ्या बांगलादेशी मुलालाही ते ‘आप’ म्हणायचे. आणि मतांबद्दल त्यांचं एक वाक्य साऱ्या कॅम्पात फिरलेलं होतं: “मत बनियनसारखं असतं. रोज बदलू नका हवं तर, पण अधूनमधून वास घेऊन बघा.” चाळीसच्या वर पारा असलेल्या गावात ते सगळ्यांना लगेच समजायचं.

लग्न केलेलं नव्हतं. वार्षिक सुट्टीत बाकीचे सगळे गावी पळायचे. सर युरोपात जायचे. तिथे राजवाडे नाहीत, चित्रं नाहीत, फक्त कबरी बघायच्या. एखाद्या कबरीपाशी बसून पाव-चीज खायचं, मग दुसऱ्या गावाची गाडी पकडायची. परत आल्यावर फोटो दाखवायचे: दगड, गवत, कधी एखादी मांजर. सरांचं मूळ गाव नाशिक, एवढं आम्हाला माहीत होतं. नाशिकला जाताना त्यांना कोणी पाहिलं नव्हतं.

तिथीचा सर्वांत अवघड भाग जेवणानंतर यायचा. सर त्याला दक्षिणा म्हणायचे. जेवलेल्या प्रत्येकाने एक गोष्ट सांगायची: वर्षभरात आपलं कुठलं मत बदललं. मोठं असो, छोटं असो, खरं पाहिजे. मेधा पहिल्या वर्षी म्हणाली, “मला वाटायचं इथे माझं कोणाशी जमणार नाही. जमलं.” एका केरळी अकाउंटंटने आमटीबद्दलचं मत बदलल्याचं जाहीर केलं. मी दरवेळी काहीतरी गुळमुळीत सांगायचो, आणि सर मान हलवून पुढच्याकडे बघायचे.

एका वर्षी इक्बालभाईंनी जे सांगितलं ते मी विसरलो नाही. इक्बालभाई आमचे रिगिंगचे, म्हणजे जड सामान उचलून बसवणाऱ्या टोळीचे, फोरमन, दापोलीजवळच्या हर्णैचे. आयुष्य गल्फमध्ये गेलेलं. ते खाली बघत म्हणाले, “माझा पोरगा बोलतो, मला तिकडे यायचा नाय. मला बोटीवर जायचाय. मी त्याला काय काय बोललो. चार वरसं व्हिसा व्हिसा करून त्याच्या मागं लागलो. परवा त्यानं फोटो पाठवलान, जाळ्यात सुरमई. पोरगा हसतोय. मी इकडं आल्यापासून माझा असा हसताना फोटोच नाय.” मग वर बघितलं. “जाऊ दे त्याला दर्यात. माझा मत बदलला.”

सर उठले आणि त्यांना गॅलरीत घेऊन गेले. “आत्ता फोन करा,” म्हणाले. “मुलाला कळलं पाहिजे ना. आम्हाला सांगून काय उपयोग?”

सरांना स्वतःची दक्षिणा कोणी विचारली, की ते हसून म्हणायचे, “यजमान दक्षिणा घेतो, देत नाही.” आम्हाला कोणालाच त्यातलं काही कळत नव्हतं. आम्ही मान्य करायचो.

मग त्यांचे वडील आले.

झालं असं, की सरांची धाकटी बहीण सुमन नाशिकला वडिलांना सांभाळत होती. ती शाळेत शिक्षिका. तिचं गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं. तिने भावाला फोन करून सांगितलं, की मी तीन महिने उभी राहू शकणार नाही, अप्पा तुझ्याकडे येतील, व्हिसाचं बघ. विचारलं नाही, सांगितलं. सर दोन दिवस ऑफिसात कोणाशी बोलले नाहीत. खिशातले खजूर तसेच राहिले. तिसऱ्या दिवशी माझ्या टेबलाशी येऊन म्हणाले, “दम्मामला विमानतळावर जायचंय. तुम्ही गाडी चालवाल का? मला बहुतेक जमणार नाही.”

वाटेत वाळवंटातून जाताना त्यांनी मला सगळं सांगितलं. रस्त्याकडे बघत, कुणा तिऱ्हाइताची हकीकत सांगावी तसं.

वडील भिक्षुक. नाशिकला गोदावरीच्या घाटावर आयुष्यभर लोकांची श्राद्धं, दहावे, तेरावे केलेले. घर त्याच्यावर चाललं. सर शिकून इंजिनियर झाले, वाचत गेले, आणि त्यांचा या सगळ्यावरचा विश्वास उडाला. तोवर घरात नुसते वाद होते. मग आई गेली. सुमनला आईबरोबर घाटावर जायचं होतं. अप्पांनी तिला दारातून परत पाठवलं. बायका येत नाहीत, म्हणाले. आजारपणात आईचं सगळं करणारी सुमन उंबऱ्याच्या आत राहिली, आणि आईशी दोन वर्षं धड न बोललेल्या मुलाला पुढे घालून अग्नी द्यायला लावला. सरांनी अग्नी दिला. दहाव्याला ते गेलेच नाहीत. अप्पांना म्हणाले, मी यातलं काही करणार नाही, तुमचंही करणार नाही. आणि नोकरी शोधून इकडे निघून आले. त्याला पंचवीस वर्षं तरी झाली होती. सुमनला ते दर आठवड्याला फोन करायचे. अप्पांशी एक शब्दही नाही.

“मग या तिथ्या?” मी विचारलं.

“ते वेगळं,” सर म्हणाले. “ती माणसं मला पटतात.”

व्हीलचेअरवर बसून अप्पा बाहेर आले. पंच्याऐंशीच्या पुढचे, धोतर, वर स्वेटर, डोक्याला लोकरीची टोपी. सर पुढे झाले. दोघांनी एकमेकांकडे बघितलं. मी मागे उभा राहून काय होतंय याची वाट बघत होतो.

“गाडीत पाणी आहे का?” अप्पांनी विचारलं.

“आहे.”

“मग चला.”

पहिले काही आठवडे त्या घरात एवढंच बोलणं चाललं. औषध घेतलं का? घेतलं. दूध गरम करू का? कर. अप्पांनी देवघरातलं काही आणलं नव्हतं. सौदीत मूर्ती, पूजेचं सामान नेता येत नाही, असं सांगून सुमनने बॅग रिकामी केली होती. ते सकाळी आतल्या खोलीत बसून स्टीलच्या वाटीत चहाचा चमचा घालून संध्या करायचे आणि वाटी स्वतः धुऊन ठेवायचे. मेधा दुपारी त्यांच्यासाठी मऊ भाकरी घेऊन जायची. ती सांगायची, की अप्पा बोलायला फार छान आहेत. आमच्या लेकीला ते ‘बाळाबाई’ म्हणायचे, आणि ती इंग्रजीत काय बोलते हे न समजताही तिला योग्य उत्तरं द्यायचे. मुलगा ऑफिसातून आला, की मात्र दोघांचं तोंड बंद.

फेब्रुवारीत सरांच्या सर्वांत आवडत्या माणसाची तिथी असायची. हा भिंगं घासून पोट भरणारा तत्त्ववेत्ता. त्याच्या तिथीला दुधातलं साधं सूप आणि मनुका घातलेली पातळ पेज असायची, कारण तो खरंच त्यावर राहायचा म्हणे. त्या वर्षी सरांचा फोन आला. “यंदा राहू दे. घरात अप्पा आहेत.”

तासाभराने परत फोन. आवाज चमत्कारिक.

“या तुम्ही. अप्पांनी स्वयंपाकघरात मनुका बघितल्या. कशाला आणल्या विचारलं. मी सांगितलं. तर म्हणतात, तिथी टाळायची नाही. घरात सुतक नाही, आजारपण नाही, का टाळतोस?”

आम्ही दोघं गेलो. लेकीची परीक्षा होती. इक्बालभाई दाराबाहेर चपला काढून उभे होते, हातात खजुरांचा डबा. “आत जाऊ ना?” त्यांनी मला विचारलं. “म्हातारे भटजी आहेत. माझ्या पंक्तीला बसतील काय?”

आतून अप्पांचा आवाज आला. “दारात कोण आहे? आत या. कुठले?”

“हर्णैचा, बाबा.”

“हर्णै! तिथले एक खोत दरवर्षी नाशिकला यायचे माझ्याकडे. बसा इथे, माझ्याशेजारी. मला कमी ऐकू येतं.”

सरांनी पेज वाढली आणि नेहमीप्रमाणे सांगायला सुरुवात केली. आज त्यांचा आवाज मोठा होता, अप्पांना ऐकू जावं म्हणून. हा मुलगा हुशार. त्याच्या समाजाच्या शाळेत शिकला. मग प्रश्न विचारायला लागला, देव कसा आहे, ग्रंथ कोणी लिहिले. समाजातल्या वडीलधाऱ्यांनी त्याला बाहेर काढलं. त्याच्याशी कोणी बोलायचं नाही, एका छपराखाली राहायचं नाही, त्याने लिहिलेलं वाचायचं नाही. तो तेवीस-चोवीस वर्षांचा होता. गाव सोडून भिंगं घासत राहिला. छातीच्या आजाराने तरुणपणीच गेला.

अप्पा पेज पीत ऐकत होते. त्यांनी वाटी खाली ठेवली.

“याचं गोत्र काय?”

“अप्पा, ते लोक...”

“बरं, वडिलांचं नाव? आजोबांचं?”

सरांना वडिलांचं माहीत होतं, आजोबांचं नव्हतं. अप्पांनी भुवया वर केल्या. भुवया दोघांच्या सारख्याच काळ्या होत्या, ते माझ्या तेव्हा लक्षात आलं.

“मुलंबाळं?”

“नव्हती. लग्नच केलं नाही.”

“मग चांगलं करतोस,” अप्पा म्हणाले. “ज्याचं कोणी नाही, त्याचंही करायचं असतं. आम्ही रोज पाणी सोडताना त्यांना सोडतो. जे आमचे नातेवाईक नाहीत, ज्यांची नावं माहीत नाहीत, त्यांना.”

हे सरांना लहानपणापासून माहीत असणार, पण या बाजूने त्याकडे त्यांनी कधी बघितलं नसावं.

“आणि याला बाहेर काढलं, तेव्हा वडील होते का?” अप्पांनी विचारलं.

“नाही. आधीच गेले होते.”

“बरं झालं.”

“का?”

“असते तर त्यांना ठरवावं लागलं असतं, गावाच्या बाजूला उभं राहायचं की पोराच्या. काय ठरवलं असतं ते सगळ्यांना कळलं असतं.” अप्पांनी वाटी परत उचलली. “माणसाला अशी वेळ न येता मरण आलं तर सुटला म्हणायचं.”

इक्बालभाईंनी माझ्याकडे बघितलं. मी पेजेतल्या मनुका बघत होतो.

जेवणं झाली. दक्षिणेचा विषय काढावा की नाही, आम्हाला कळेना. मेधाने काढला. तिने अप्पांना नियम समजावून सांगितला: प्रत्येकाने आपलं बदललेलं मत सांगायचं, सर ऐकतात, ते यजमान, ते घेतात.

अप्पा पहिल्यांदा मोठ्याने हसले. “अगं, हे उलटं झालं. दक्षिणा यजमानाने द्यायची असते. जेवायला आलेल्याने घ्यायची. इतकी वर्षं हा तुमच्याकडून वसूल करतोय?”

सर लाल झाले. इक्बालभाईंना हसू आवरेना.

“थांबा,” अप्पा म्हणाले. “मी याचा बाप. आधी माझी होऊ दे. मग याची.”

त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

“करोनाच्या दुसऱ्या लाटेत घाटावर काय होतं, ते तुम्ही टीव्हीवर बघितलं असेल. मी जवळून बघितलं. सुमन जाऊ नका म्हणत होती, पण जवळचे दोन तरुण गुरुजीच आजारी पडलेले, माणसं दारात येऊन रडायची. मी गेलो. एक मुलगी आली, वडिलांच्या अस्थी घेऊन. भाऊ बंगलोरला, त्याला येता येत नव्हतं. ती म्हणाली, आजोबा, माझ्या हातून चालेल का? मी चालेल म्हटलं. मागे वळून बघितलं तर आणखी दोघी उभ्या होत्या. मग रोज कोणी ना कोणी. कोणाची मुलगी, कोणाची सून. एक तर बायको होती, पोटुशी. मी सांगत गेलो, त्या करत गेल्या. काहीही वेगळं झालं नाही. नदी तशीच वाहत होती.”

सर ताठ बसले होते.

“घरी गेलो आणि सुमनला म्हटलं, तुला मी आईच्या वेळी दारातून परत पाठवलं. शास्त्र म्हणून नाही पाठवलं. घाटावर माझी चार माणसं होती, ती काय म्हणतील म्हणून पाठवलं. माझी चूक झाली. माझ्या वेळी तूच ये.”

मग सर म्हणाले, “सुमनने मला हे सांगितलं नाही.”

“कसं सांगणार? माझं नाव निघालं की तू फोन ठेवायचास.”

“मी...”

“आता तुझी दक्षिणा. हे लोक केव्हाचे जेवून बसलेत.”

सरांनी तोंड उघडलं. “या माणसाने लिहून ठेवलंय, की...”

“त्याचं नको,” अप्पा म्हणाले. “तुझं.”

ज्या माणसाने साऱ्या कॅम्पाकडून खरं काढून घेतलं होतं, त्याला एक वाक्य जमेना. त्यांनी चमचा उचलला, ठेवला. भांड्यातलं पाणी प्यायले. मेधा उठायला लागली, तर अप्पांनी तिला हातानेच बस म्हटलं.

“मला वाटायचं,” सर शेवटी म्हणाले, “तुमच्याशी बोलून काही उपयोग नाही. तुम्ही आहात तसेच राहणार.”

“आणि आता?”

“आता वाटतंय, उशीर झाला.”

अप्पांनी वाटी पुढे केली. “माझं जेवण अजून व्हायचंय. वाढ थोडी. पण मीठ घाल. हा तुझा भिंगवाला अळणी खात असेल, मला नाही चालत.”

त्यानंतर त्या घरात शांतता म्हणून राहिली नाही. रोज वाद. ऑफिसातून येऊन सर चपला काढायच्या आधी बोलायला सुरुवात करायचे. अप्पांनी सरांच्या सगळ्या युरोपियन मंडळींच्या तारखा मागून घेतल्या आणि माझ्या लेकीच्या मोबाईलवर जुनी पंचांगं शोधून प्रत्येकाची तिथी काढायला घेतली. सर म्हणायचे, “अप्पा, या लोकांना तिथी मान्य झाली नसती.”

“त्यांना तुझी तारीख तरी कुठे मान्य होती? आमच्या मागे पेज करा, असं कोण म्हणालं होतं?”

एकदा मी सरांच्या इमारतीखाली गाडी लावत होतो, तर दोघांचा आवाज पार्किंगपर्यंत येत होता. सर ओरडून काहीतरी सिद्ध करत होते आणि अप्पा तितक्याच जोरात ते खोडून काढत होते. शेजारचा इजिप्शियन माणूस काळजीने मला म्हणाला, भांडण आहे का, वर जाऊ का? मी म्हटलं, “नाही. बरं चाललंय.” आणखी थोडं ऐकून तोही हसला आणि “खलास”, म्हणजे झालं तर मग, असं म्हणून निघून गेला.

तीन महिन्यांनी सुमन चालायला लागली आणि अप्पा परत गेले. विमानतळावर सरांनी त्यांना वाकून नमस्कार केला. अप्पा म्हणाले, “गुडघे कुरकुरतायत तुझे. तेल लाव.”

पुढच्याच उन्हाळ्यात सरांनी राजीनामा दिला. निवृत्तीला वेळ होता, मॅनेजरने थांबा म्हणून विनवलं, खजूरसुद्धा दिला. सर ऐकेनात. इकामा, म्हणजे इथला राहण्याचा परवाना, जमा केला, पुस्तकं कॅम्पात वाटून टाकली आणि नाशिकला गेले. सामान बांधायला आम्ही सगळे होतो. इक्बालभाईंनी त्यांच्या शर्टांची दोन बटणं न सांगता शिवून ठेवली.

त्यांचे फोन यायचे. अप्पा त्यांना रोज घाटावर घेऊन जातात. सर बाजूच्या पायरीवर बसून पेपर वाचतात. संध्याकाळी सुमन शाळेतून आली, की अप्पा तिला मंत्र शिकवतात, एकेक ओळ, अर्थासकट. सर स्वयंपाकघरात भाजी चिरत ऐकतात आणि अर्थ चुकीचा वाटला की तिथूनच हरकत घेतात. “मी काही यात पडत नाही,” ते मला सांगायचे. “माझं मत तेच आहे.”

गेल्या श्रावणात अप्पा गेले, झोपेत. मला दोन आठवड्यांनी कळलं. मी फोन केला. सरांचा आवाज शांत होता. काय काय झालं ते त्यांनी सांगितलं. अग्नी सुमनने दिला. दहाव्यालाही तीच बसली. अप्पांनी सांगून ठेवलं होतं, की गुरुजी बोलावू नका, सुमनला सगळं येतं.

“आणि तुम्ही?” मी विचारलं.

“मी मागे उभा होतो. ठरलंच होतं तसं. मला त्यातलं काही मान्य नाही, हे अप्पांना माहीत होतं, सुमनलाही.”

फोनमध्ये मागे कुठेतरी सुमन कोणाशी तरी बोलत होती, ते ऐकू येत होतं.

“दहाव्याला मंत्र म्हणताना ती दोन ठिकाणी अडली,” सर म्हणाले. “मला सगळं पाठ आहे हो. लहानपणी माझ्याकडून घोकून घेतलेलं. ते जात नाही. मी मागून हळूच पुढचा शब्द सांगितला. तर ती मान वळवून म्हणाली, दादा, वारा आहे, ऐकू येत नाही. मोठ्याने म्हण.”

“मग?”

“मग म्हटलं मोठ्याने. शेवटपर्यंत.”